अंदालुसियाचा घोडा : आख्यायिका आणि दप्तर

उंच उचललेली मान, कमानदार मानेवरून लोळणारी दाट अयाळ, भरदार पुठ्ठे आणि संगीताच्या ठेक्यावर पडावे तसे पडणारे पाऊल, असा जो शुभ्र घोडा युरोपातील राजेरजवाड्यांच्या तैलचित्रांत धन्याला पाठीवर घेऊन उभा असलेला दिसतो, त्या स्पॅनिश घोड्याविषयी जितके लिहिले गेले आहे तितकेच विपर्यस्त समजही रूढ झाले आहेत; आणि त्या बहुतेक समजांच्या मुळाशी एकच प्रवृत्ती दिसते, ती ही की, जे श्रेय माणसाच्या चिकाटीला आणि सरकारी दप्तराला द्यावयाचे ते गूढ रक्ताच्या पदरी टाकून मोकळे व्हावे.

यांतला सर्वांत दृढ समज असा की, हा घोडा म्हणजे अरबी घोड्याचीच एक शाखा असून इ. स. ७११ मध्ये मुसलमानी फौजा सामुद्रधुनी ओलांडून स्पेनात उतरल्या तेव्हा त्यांच्याबरोबर तो तेथे आला. कोणत्याही उमद्या जनावराचे मूळ अरबस्तानात शोधण्याची सवय आपल्याकडेही आहे, कारण शतकानुशतके दख्खनच्या दरबारांनी समुद्रमार्गे आलेल्या अरबी व इराणी घोड्यांसाठी आपले खजिने रिते केले. परंतु सेनापती तारिकच्या त्या फौजेत बहुसंख्य शिपाई उत्तर आफ्रिकेतील बर्बर होते आणि त्यांचा घोडा बार्ब जातीचा होता, जो अरबी घोड्याहून बांध्याने आणि मुखाच्या ठेवणीने निराळा. शिवाय ते येण्याच्या नऊशे वर्षांहून अधिक काळ आधी हानिबलने रोमवर स्वारी केली तेव्हा त्याच्या सैन्यात इबेरियातील घोडेस्वार होतेच. बार्बच्या रक्ताचा संबंध निकटचा आहे, आणि मधूनमधून अरबी रक्तही मिसळले गेले असेल. पण अरबी घोड्याचे बशीसारखे खोलगट मुख आणि या घोड्याचा सरळ किंवा किंचित फुगीर नाकाचा कणा शेजारी शेजारी पाहिले की वाद बराचसा मिटतो.

आज ज्याला आपण ही जात म्हणतो तिचा घाट प्रत्यक्ष घातला गेला तो एका राजाज्ञेने. १५६७ साली दुसऱ्या फिलिपने कोर्दोबा येथे शाही पागा स्थापन करून दिएगो लोपेस दे आरो याच्याकडे तिचा कारभार सोपवला, निवडक घोड्या व वळू एकत्र आणविले, आणि राजाच्या मनातल्या आदर्शाला उतरेल असा घोडा पैदा करण्याचे काम अंमलदारांच्या देखरेखीखाली सुरू झाले. घोडीला गाढव लावून खेचरे काढणे शेतकऱ्याला अधिक किफायतशीर पडे, म्हणून दक्षिणेकडील प्रांतांत त्यास मनाई करणारे हुकूम स्पेनच्या राजांना वरचेवर काढावे लागले. आणि जो हुकूम पुन्हा पुन्हा काढावा लागतो त्याची अंमलबजावणी कशी होत असेल, हे जुनी दप्तरे चाळणाऱ्यास सांगावयास नको.

दुसरी मोठी आख्यायिका हेरेसजवळील कार्थुसियन मठाची. तेथील मौनव्रती संन्याशांनी राजाज्ञा धुडकावून घोड्यांत परकी रक्त येऊ दिले नाही, नेपोलियनच्या सैन्याने १८०८ नंतर देशातील घोडे लुबाडले तेव्हाही तो वंश लपवून राखला गेला, आणि म्हणून ‘कार्तुखानो’ म्हणविणारे घोडे इतर सर्वांहून शुद्ध, असे सांगितले जाते. मठाने घोडे पाळले आणि सापाता घराण्याने त्या परंपरेचा कळप पुढे जतन केला, एवढे खरे. परंतु वंशावळींच्या आधारे मोजणी केली असता कार्तुखानो आणि इतर स्पॅनिश घोडे यांना विभक्त ठरवील असे अंतर आढळत नाही. त्याहून मौजेची गोष्ट चामखिळींची. एस्क्लावो या मूळपुरुषाच्या शेपटीखाली चामखिळी होत्या व त्या त्याच्या संततीत उतरल्या, इतकेच नव्हे तर त्या नसतील तो घोडा त्या वंशाचा नव्हेच, असे मानणारे अश्वपालक होऊन गेले. वास्तविक वयाबरोबर पांढऱ्या होत जाणाऱ्या कोणत्याही जातीच्या घोड्याच्या शेपटीखाली रंगपेशींची अर्बुदे सर्रास उद्भवतात. म्हणजे ज्याला कुलीनतेची मोहोर समजले गेले ती बहुधा एक व्याधी होती. आणखी एक उपरोध असा की, ज्या कळपाची कथा राजसत्तेला न जुमानण्याची, तो १९८३ साली रुमासा उद्योगसमूह सरकारजमा झाला तेव्हा त्याच्या मालमत्तेबरोबर सरकारी मालकीचा झाला.

हा घोडा पांढराच असतो आणि पांढराच जन्मतो, हेही खरे नाही. सुमारे ८० टक्के घोडे प्रौढपणी राखाडी ते शुभ्र दिसतात, पण त्यांची शिंगरे काळी किंवा तांबूस जन्मतात आणि वर्षागणिक फिकी होत जातात. उरलेल्यांत तपकिरी-तांबूस अधिक, काळे थोडे. निव्वळ तांबड्या घोड्याला तर दीर्घकाळ अधिकृत नोंदवहीत प्रवेशच नव्हता. सरासरी १५६ सें.मी. उंचीचा नर पाहून चित्रांवर पोसलेल्या प्रेक्षकाची किंचित निराशाही होते.

मिरवणुकीपुरता शोभेचा घोडा, असा आरोप करणाऱ्यांना त्या चालींचे मर्म कळलेले नसते. मागच्या पायांवर भार तोलून क्षणात थांबणे, वळणे, उसळणे ही हातघाईच्या लढाईतील स्वाराची गरज होती. जागच्या जागी दुडकी हे त्याच तोलाचे सर्वोच्च रूप. व्हिएन्नाची विख्यात अश्वशाळा आजही ‘स्पॅनिश’ हेच नाव धारण करते, कारण तिचे घोडे १५८० मध्ये लिपित्सा येथे स्थापन झालेल्या पागेत स्पॅनिश रक्तावर उभे राहिले. पुढे शर्यत आणि शिकार यांच्या इंग्रजी शौकाने लांब ढांगेच्या वेगाला भाव आला आणि हा घोडा मागे पडला, तो कुवतीच्या अभावी नव्हे. २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये स्पेनच्या ज्या संघाने ड्रेसाजचे रौप्यपदक मिळविले त्यात राफाएल सोतोच्या मांडीखाली इन्वासोर हा याच जातीचा घोडा होता.

राहता राहिला अमेरिकेचा प्रश्न. तेथील रानटी मस्टँग म्हणजे अंदालुसियाच्या शाही पागेचे थेट वंशज, असे अभिमानाने सांगितले जाते. घोडे स्पेनातून गेले हे निर्विवाद. १४९३ च्या दुसऱ्या सफरीत कोलंबसाने ते नेले. पण कोर्दोबाची पागा तेव्हा अस्तित्वातच नव्हती, आणि १४९४ मध्ये कोलंबसाने राजाराणीकडे धाडलेल्या निवेदनात तक्रार आहे की, सेविलच्या हजेरीत स्वारांनी उत्तम घोडे दाखविले आणि गलबतावर चढविताना मात्र हलकी जनावरे आणली. ज्या लबाडीला आळा घालण्यासाठी हिंदुस्थानात घोड्याला डाग देऊन त्याचा चेहरा दप्तरी उतरवून घेण्याची पद्धत पडली, तिचाच हा सेविलमधला प्रयोग. आणि नव्या जगातील अश्ववंशाच्या आरंभीच्या पूर्वजांत तीच बदली जनावरे होती.