रानबदकांच्या जिवावर उठलेले कृमी

अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या वरच्या टप्प्यात सन २००२ पासून स्थलांतराच्या हंगामात लहान स्कॉप बदके आणि कूट हे पाणपक्षी मोठ्या संख्येने मृतावस्थेत आढळू लागले. कूट म्हणजे आपल्या तलावांवरील वारकरी पक्ष्याचा भाऊबंद. आतड्यातील सूक्ष्म चपटे कृमी हे या मृत्यूंचे कारण असल्याचे तपासणीतून स्पष्ट झाले.

या कृमींना पक्ष्यापर्यंत पोहोचण्यासाठी गोगलगाय लागते. बाधित पक्ष्याच्या विष्ठेतून अंडी पाण्यात पडतात, त्यांतील अळ्या गोगलगायीच्या शरीरात वाढतात आणि ती गोगलगाय खाणाऱ्या पक्ष्याच्या आतड्यात कृमी पूर्णावस्थेला येतात. आतड्याच्या भित्तिकेला चिकटून ते रक्त शोषतात. पक्षी मलूल होतो, त्याला बुडी मारणे व उडणे जड जाते आणि बाधा तीव्र असल्यास काही दिवसांतच तो दगावतो.

वास्तविक बहुतेक रानटी पाणपक्ष्यांच्या पोटात थोडेफार कृमी असतातच. ते त्यांना सोसतातही. येथे घात केला तो परक्या गोगलगायीने. मूळची युरोपातील बिथिनिया ही गोगलगाय १८७० च्या दशकात ग्रेट लेक्स परिसरात पोहोचली. सन २००७ मध्ये मिनेसोटातील विनिबिगोशिश सरोवरात हजारो स्कॉप बदके मरण पावली. शंखाचे तोंड झाकणाने बंद करता येत असल्याने ही गोगलगाय पाण्याबाहेरही तग धरते आणि होड्या, जाळी यांना चिकटून नव्या जलाशयांत शिरते. मोकळ्या रानपक्ष्यांना औषध देणे व्यवहार्य नसल्याने तेथे नौका व जाळी स्वच्छ करण्यावरच भर दिला जातो.