वाचताना अडखळणारे मूल

‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ या अक्षरांत भेद तो किती! काही मुलांच्या तो लवकर ध्यानी येत नाही, आणि घरची मंडळी त्यांस आळशी ठरवून मोकळी होतात. डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धिमांद्य नव्हे. अक्षर व ध्वनी यांची सांगड घालताना अशा मुलास सायास पडतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अध्ययन-अक्षमतेचा समावेश झालेला आहे.

आपल्या हैदराबादेत मुलांच्या कानी घरी मराठी, शेजारी तेलुगू आणि बाजारात दखनी पडते. त्यामुळेच वाचन बिघडते, हा समज आम्हांस मान्य नाही. अनेक भाषा कानी पडल्याने डिस्लेक्सिया होत नाही.

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच पाड्यावरील अंगणात नेली आणि पाने, बिया, शिंपले यांनाच शिक्षणाची साधने केले. माँटेसरीबाईंची खरखरीत अक्षरेही अशीच, बोटाने गिरवीत उच्चारावयाची. घरी परातीत रवा पसरला तरी काम भागते.

एवढे करूनही दुसरीतले मूल साध्या शब्दांशी अडत असेल, तर प्रथम त्याचे डोळे व कान तपासून घ्यावेत आणि मग तज्ज्ञांस दाखवावे.