समुपदेशक सल्ला का देत नाहीत?



दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या वसतिगृहातली नववीतली एक मुलगी आठ दिवस उशिरा परतली आणि शाळा सोडायची म्हणून हटून बसली. मी तिला समोर बसवून शिक्षणाचे महत्त्व सांगितले, प्रार्थनाही केली. ती प्रत्येक वाक्याला "हो ताई" म्हणत राहिली आणि तिसऱ्या दिवशी पहाटे बॅगेसह एसटी स्टँडवर सापडली.

महिन्यातून एकदा आमच्याकडे समुपदेशक बाई येतात. त्यांनी शाळेचा विषयच काढला नाही. आधी स्पष्ट केले, की आपले बोलणे आपल्यातच राहील. मात्र कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा कोणी तुला त्रास देत असेल तर मला सांगावे लागेल, आणि तेही तुला कळवून. मग विचारले, "शाळा सोडलीस तर कोणती काळजी कमी होईल?" मुलगी मराठीत अडखळली, तेव्हा म्हणाल्या, "मावचीत बोल. अडलं तर मीच विचारीन."

आईवडील ऊसतोडीला गुजरातेत गेले होते. सहा वर्षांचा भाऊ आजीजवळ होता आणि आजीला रात्री नीट दिसत नाही. शाळा हा प्रश्नच नव्हता. (हे मला मुलीच्या परवानगीनेच कळले. इथेही तिला विचारून, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिले आहे.)

या पद्धतीत समुपदेशक आणि समोरची व्यक्ती दोघे मिळून काम करतात. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५१ च्या आपल्या पुस्तकात व्यक्तीला केंद्रस्थानी ठेवणारी उपचारपद्धती मांडली. ते आधी न्यूयॉर्कमध्ये धर्मशास्त्र शिकत होते, ते सोडून मानसशास्त्राकडे वळले. आम्हा धर्मशास्त्र शिकलेल्यांना उपदेशाची सवय लवकर लागते, म्हणून मला हे मुद्दाम सांगावेसे वाटते. आंधळ्या बार्तीमयाला काय हवे हे उघड दिसत होते, तरी प्रभूने त्याला आधी विचारले, हेही मी कितीदा शिकवले आहे!

पुढे ॲरन बेक यांनी त्यात तपासून पाहण्याची भर घातली. "मी घरी नसले तर भावाचे वाईटच होईल" हा विचार खोटा ठरवायचा नाही आणि खरा धरूनही चालायचे नाही. तो दोघांनी मिळून पडताळायचा. बाईंनी विचारले, "शून्य ते दहात आज काळजी किती?" ती म्हणाली, नऊ. "सातवर यायला काय व्हावं लागेल?" उत्तर तिनेच शोधले: भावाने मावशीकडे राहावे आणि रविवारी फोन व्हावा. मावशीशी कोणी बोलायचे, आईला काय सांगायचे आणि काय नाही, हेही तिनेच ठरवले. सहामाही परीक्षेचे दोन पेपर बुडाले ते बुडालेच. पण ती राहिली.

मोठ्यांच्या बाबतीत हे अधिक अवघड जाते, विशेषतः दारूच्या. आपण शपथ घ्यायला लावतो, माणूस घेतो आणि आठवड्यात मोडतो. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मद्यपींशी बोलण्याची वेगळी रीत मांडली. दारूने काय मिळते आणि काय जाते, हे दोन्ही त्यालाच बोलू द्यायचे. आपण जितके ढकलू तितका तो दारूची बाजू घेतो. बदलाची कारणे त्याच्या तोंडून आली तर टिकण्याची शक्यता वाढते. बायकोला मारहाण होत असेल, तर मात्र आधी तिची सुरक्षितता. तिथे वाट पाहायची नसते.

तसेच कोणी जीव देण्याची भाषा केली, तर थेट विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते आणि मराठीतही बोलता येते. मंडळीच्या सूचनाफलकावर हा क्रमांक लावून ठेवावा, एवढी पाळकांना विनंती.