गॅस स्प्रिंग : कार्यतत्त्व आणि उपयोजन

प्रस्तावना
मोटारीचे मागील दार किंचित उचलताच ते आपोआप वर जाते व तेथेच स्थिर राहते. हे कार्य गॅस स्प्रिंग करते. तिचे कार्यतत्त्व आणि उपयोगानुरूप करावयाचे बदल यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रचना व कार्यतत्त्व
बंद पोलादी सिलिंडर, पिस्टन, त्यास जोडलेला दांडा, उच्च दाबाचा नायट्रोजन आणि थोडे तेल हे तिचे घटक होत. नायट्रोजन निष्क्रिय असल्याने तेलाच्या सान्निध्यातही पेट घेण्याचा धोका राहत नाही. पिस्टनमधील सूक्ष्म छिद्रामुळे दोन्ही बाजूंचा दाब समान असतो. परंतु दांड्याच्या बाजूचे क्षेत्रफळ दांड्याच्या छेदाइतके कमी भरते. म्हणून वायूचा दाब व दांड्याच्या छेदाचे क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराइतके बल दांड्यास बाहेर ढकलते. ८ मि.मी. व्यासाचा दांडा आणि १०० बार दाब असल्यास हे बल सुमारे ५०३ न्यूटन होते.

तापमानाचा परिणाम
२० कि.ग्रॅ. वजनाचे आडवे झाकण घेऊ. त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून ५० सें.मी. व स्प्रिंगच्या बलरेषेचे लंबांतर १० सें.मी. असल्यास एकूण ९८१ न्यूटन, म्हणजे दोन स्प्रिंगांपैकी प्रत्येकी सुमारे ४९० न्यूटन बल लागते. वरील स्प्रिंग २० अंश सेल्सिअसला पुरेशी ठरते. मात्र हिवाळ्यातील पहाटे १० अंशांवर दाब घटून बल ४८६ न्यूटनांवर येते. घर्षणाचा आधार वगळल्यास झाकण खाली येऊ लागेल व खाली वाकलेल्या माणसास इजा होईल. १० मि.मी. व्यासाचा दांडा घेतल्यास ७६ बार दाबावरही सुमारे ६०० न्यूटन बल मिळते.

उपयोगानुरूप बदल
दांड्याचा व्यास आणि दाब यांवर बल ठरते, तर छिद्राच्या आकारावर हालचालीचा वेग अवलंबून असतो. तेलामुळे हालचालीचा अखेरचा टप्पा मंदावतो व सील ओले राहते. म्हणून सामान्यतः दांडा खालच्या दिशेस ठेवून स्प्रिंग बसवितात. पिस्टनमध्ये उघडझाप करणारी झडप बसविल्यास स्प्रिंग हव्या त्या स्थितीत रोखता येते. कार्यालयीन खुर्चीची उंची याच पद्धतीने बदलते.

समारोप
सीलमधून वायू हळूहळू झिरपत असल्याने प्रत्येक गॅस स्प्रिंग कालांतराने दुर्बल होते. झाकण खाली येऊ लागल्यास ती बदलणेच इष्ट होय. निकामी वाटणाऱ्या स्प्रिंगमध्येही मोठा दाब शिल्लक असू शकतो. ती कापणे, तापविणे वा तिला भोक पाडणे प्राणघातक ठरू शकते.