जुन्या आंब्याची छाटणी कोणाच्या हाती द्यावी?

रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील अनेक जुन्या बागांत हापूसची कलमे एकमेकांत मिसळून गेली आहेत. आतील फांद्यांना ऊन मिळत नाही, मोहोर शेंड्याकडे सरकतो आणि फवारणीचे औषध वरपर्यंत पोचत नाही. अशा कलमांची छाटणी अवश्य असते. ती करावी की नाही याची चर्चा पुष्कळ होते; कोणाकडून करवून घ्यावी याचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

पुष्कळदा हा व्यवहार लाकडावर ठरतो. तोडणाराने फांद्या तोडाव्यात व मजुरीऐवजी लाकूड न्यावे, असा तो करार असतो. मालकाला रोख पैसा द्यावा लागत नाही म्हणून तो स्वस्त वाटतो. परंतु ज्याची मजुरी लाकडात आहे, त्याचा हात वाळक्या काटकीकडे न जाता जाड, निरोगी फांदीकडे जातो, हे उघड आहे. प्रमाणाबाहेर तोडलेले कलम दोन-तीन वर्षे फळ देत नाही. उघड्या पडलेल्या खोडाची साल उन्हाने भाजते आणि तेथे भिरुड शिरते. चाळीस वर्षांचे कलम अशा एका सौद्यात जाऊ शकते. म्हणून मजुरी रोखीने ठरवावी व लाकूड मालकाचे राहावे.

या कामाला डॉक्टर किंवा वकिलासारखी सनद आपल्याकडे नाही. त्यामुळे माणूस पारखण्याचे काम बागायतदारालाच करावे लागते. कृषि पदवीधर असेल किंवा दापोलीच्या कृषि विद्यापीठात प्रशिक्षण घेतलेला असेल तर उत्तमच; तथापि प्रमाणपत्र पाहून थांबू नये. त्याने दोन वर्षांपूर्वी छाटलेली बाग पाहून यावे आणि त्याला काही प्रश्न विचारावेत.

जाड फांदी कशी कापणार, हा पहिला प्रश्न. जाणकार मनुष्य कोयत्याचे नाव काढणार नाही. तो खोडापासून सुमारे एक फूट अंतरावर आधी खालून करवतीचा काप घेईल, मग त्याच्या थोडे बाहेर वरून कापील; त्यामुळे फांदी पडताना खोडाची साल सोलून नेत नाही. उरलेला खुंट तो शेवटी काढील, पण खोडाशी अगदी सपाट नव्हे. फांदीच्या बुडाशी सालीची जी फुगीर वळी असते ती राखून काप घ्यावयाचा असतो, कारण जखम भरून येते ती त्या वळीतूनच. कापावर तो बोर्डो मलम लावील. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना व 10 लिटर पाणी हे त्याचे प्रमाण. त्यासाठी लोखंडी भांडे वापरणारा मनुष्य बहुधा ऐकीव माहितीवर काम करीत असतो.

दुसरा प्रश्न भिरुडाचा. खोडावर भुसा दिसल्यास तारेच्या आकड्याने अळी काढून, छिद्रात औषधाचा बोळा घालून ते चिखलाने बंद करावे लागते. कोणते औषध, हे अवश्य विचारावे. डायक्लोरव्हॉसवर 2020 च्या अखेरीपासून बंदी आहे. त्याचेच नाव जो सांगतो त्याचे ज्ञान जुने झाले आहे.

उंचीवर दोर बांधल्याशिवाय चढणाऱ्यास काम देऊ नये. विजेच्या तारा जवळ असल्यास वीज बंद करवून घेतल्यानंतरच कामास हात घालावा. संपूर्ण झाड तोडावयाचे असेल तर 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे आंब्यासाठी आगाऊ परवानगी लागते, हे ग्रामकार्यकर्त्यांनी मालकास सांगावे.

कोणत्या फांद्या जाणार त्यांवर काम सुरू होण्यापूर्वी मालकादेखत चुन्याची खूण करून घ्यावी. मजुरीचा काही भाग राखून ठेवावा व नवी पालवी विरळ करण्यासाठी तोच मनुष्य परत आल्यावर द्यावा. खुंटांवर दाट फुटलेल्या फुटव्यांपैकी बाहेरच्या बाजूस जाणारे मोजके ठेवून बाकीचे काढावे लागतात, आणि हे काम राहून गेल्यास कलम काही वर्षांत पुन्हा पूर्वीसारखेच दाटते.