राजकन्येचा सिनेमा आणि भंडाऱ्याची गादी

सिनेमातली व्हिक्टोरिया

‘द यंग व्हिक्टोरिया’ (2009) या चित्रपटात राजकन्येला जिना उतरतानाही कुणाचा तरी हात धरावा लागतो. ही दिग्दर्शकाची कल्पना नव्हे, केन्सिंग्टन राजवाड्यात तसा नियमच होता. मुलगी सज्ञान होण्याआधी राजा गेला तर राज्य आपल्या हाती येईल, अशी तिची आई आणि आईचा कारभारी जॉन कॉनरॉय यांची आशा होती. 24 मे 1837 रोजी व्हिक्टोरियाला अठरा वर्षे पूर्ण झाली आणि 20 जूनला राजा चौथा विल्यम वारला. डाव सत्तावीस दिवसांनी हुकला. एमिली ब्लंटने या मुलीची घुसमट फार सुरेख दाखवली आहे. वेशभूषेला ऑस्करही मिळाले.

लेकीच्या वंशातला वारस

व्हिक्टोरिया केन्सिंग्टनमध्ये वाढत होती तेव्हा भंडारा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. इथे राजकन्येला गादी मिळण्याची वाटच नव्हती. तरीही वारस शोधायची वेळ आली तेव्हा घराण्याच्या लेकीकडे वळावे लागले.

दुसरे रघूजी 1816 मध्ये वारले. त्यांचा दुबळा मुलगा परसोजी पुढच्या वर्षी मारला गेला. चुलतभाऊ आप्पासाहेब गादीवर आला, पण नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीला इंग्रजांकडून हरला आणि पुढे पदच्युत झाला. मग रघूजींच्या मुलीच्या वंशातला बाजीबा हा लहान मुलगा परसोजीची विधवा दुर्गाबाई हिने दत्तक घेतला. तोच तिसरा रघूजी. त्याचा सांभाळ दुसऱ्या रघूजींची राणी बाकाबाई हिच्याकडे आला आणि कारभार इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्सकडे. चित्रपटात मुलाच्या नावाने राज्य करू पाहणारे खलनायक ठरतात. बाकाबाईला मी त्या रांगेत बसवणार नाही. सगळे हातचे जात असताना तिने राजवाडा आणि पोर दोन्ही धरून ठेवले.

वैनगंगेच्या खोऱ्यात

ही उलथापालथ नागपुरातच थांबली नाही. कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल 1818 मध्ये आप्पासाहेबाच्या बाजूने उठले. इंग्रज फौजेने कामठा घेतला. पुढे जिल्ह्याचे मुख्य ठाणे कामठ्याहून भंडाऱ्याला आले. कामठा आज गोंदिया जिल्ह्यात आहे. 1999 मध्ये भंडारा जिल्ह्याचे विभाजन झाले, म्हणून ही आठवण भंडारेकरांच्या सहज लक्षात येत नाही.

1853 नंतर

तिसरे रघूजी 11 डिसेंबर 1853 रोजी वारले. मुलगा नव्हता. गव्हर्नर जनरल डलहौसीने राण्यांचा दत्तकाचा हक्क मानला नाही आणि 1854 मध्ये राज्य खालसा केले. झाशीही त्याच वर्षी गेली. राजवाड्यातले हत्ती-घोडे विकले, जडजवाहीर कलकत्त्याला लिलावात काढले. तेव्हा लंडनच्या गादीवर व्हिक्टोरिया होती. बाकाबाई 1858 पर्यंत जगली. 1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी राजघराण्याने दत्तक घेतलेल्या जानोजीला मान्यता देऊन साताऱ्याकडच्या देऊरचा ‘राजाबहादूर’ हा किताब दिला. भंडाऱ्यासह गेलेले राज्य मात्र परत दिले नाही.