पेढीवरील माणसांचे शिक्षण : बाहेरचा सहकारी निवडताना

व्यापारी पेढीवर शिक्षण ही काही नवी गोष्ट नव्हे. आमच्या बेळगावच्या रविवार पेठेत पूर्वी नोकरीस ठेवलेला मुलगा प्रथम झाडलोट करी, मग बारदान मोजी, मग तराजूपाशी उभा राही आणि दोन-तीन वर्षांनी दिवाणजींच्या शेजारी बसून खतावणी लिहू लागे. त्यास अमुक एकाने शिकविले असे म्हणता येत नसे. तथापि पाच वर्षांनी तो मूठभर ज्वारी तळहातावर घेऊन ती कोणत्या भागातील आहे हे बिनचूक सांगत असे. आम्ही स्वतः मॅट्रिक होऊन पेढीवर बसलो ते ह्याच रीतीने शिकलो आणि त्या रीतीविषयी आमच्या मनात आजही आदर आहे.

परंतु ही रीत चालावयास मुलगा दहा वर्षे एका पेढीवर टिकला पाहिजे आणि त्या दहा वर्षांत व्यापाराचे नियमही फारसे बदलता कामा नयेत. सांप्रत ह्या दोन्ही गोष्टी राहिलेल्या नाहीत. अन्नसुरक्षेचा कायदा २००६ साली झाला व त्याखालील परवाना-नोंदणीचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून अंमलात आले. वजनमापांचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०११ पासून लागू झाला. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि १८ जुलै २०२२ पासून छापील वेष्टनातील पंचवीस किलोपर्यंतच्या धान्यावर पाच टक्के कर बसला. ज्या दिवाणजींनी आम्हांस जमाखर्च शिकविला, त्यांच्याजवळ ह्या गोष्टींची शिकवण नव्हती व असणे शक्यही नव्हते. म्हणून बाहेरच्या जाणत्या मंडळींकडून आपल्या नोकरवर्गाकरिता अभ्यासक्रम तयार करवून घ्यावा, असा विचार अनेक सभासद-बंधू करू लागले आहेत. अशी मंडळी कशी निवडावी, ह्याविषयी आमचा काही विचार व थोडा अनुभव येथे मांडीत आहोत.

बाहेरच्या माणसास बोलाविण्यापूर्वी आपणांस नेमके काय उणे पडते हे पाहिले पाहिजे. पुष्कळदा ज्यास आपण अज्ञान म्हणतो ते अज्ञान नसते. एका पेढीवर ओलाव्याची नोंद वारंवार चुके. मालकांना वाटले, मुलांस यंत्र वापरता येत नाही. पाहू जाता असे दिसले की, ओलावा मोजण्याचे यंत्रच दोन वर्षांत एकदाही तपासून घेतलेले नव्हते आणि नमुना नेहमी थप्पीच्या पुढच्या, हाताशी येणाऱ्या पोत्यांतूनच काढला जाई. यंत्र दुरुस्त करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. नमुना थप्पीच्या सर्व अंगांनी, वरच्या व आतल्या पोत्यांतून कसा घ्यावा एवढेच काय ते शिकविण्याजोगे होते, आणि ते एका सकाळचे काम होते. पगार कमी म्हणून माणूस लक्ष देत नसेल, तर त्यावरही कोणताच अभ्यासक्रम चालत नाही, हे आपण व्यापाऱ्यांनी आपसांत तरी कबूल करावयास हरकत नाही.

दुसरे असे की, सर्वच शिक्षण बाहेर देऊ नये. मालाची पारख, उधारी कोणास किती द्यावी ह्याचा अंदाज, खेड्यातून आलेल्या शेतकऱ्याशी बोलण्याची रीत, ह्या गोष्टी पेढीनेच शिकवाव्यात. बाहेरच्याकडे द्यावयाचे ते कायदा, आरोग्य, यंत्रे, साठवणीचे शास्त्र आणि मुख्यतः शिकविण्याची पद्धत. आमचे जुने दिवाणजी उत्तम जाणकार खरे, परंतु आपण जे करतो ते पायरीपायरीने दुसऱ्यास सांगणे त्यांस जमेलच असे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी, १९४० ते १९४५ ह्या वर्षांत, अमेरिकेत कारखान्यांतील मुकादमांस हीच कला शिकविण्याची एक सरकारी योजना चालली होती. तीत शिकविण्याच्या चार पायऱ्या ठरविल्या होत्या : शिकणाऱ्याची तयारी करणे, काम करून दाखविणे, त्याच्या हातून करवून घेणे आणि मागाहून पाहत राहणे. दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत, म्हणजे अवघ्या दहा तासांत, मुकादम हे शिकत असे. युद्धानंतर जपानानेही ही पद्धत उचलली. बाहेरच्या सहकाऱ्याने आमच्या दिवाणजींस व गोदामातील मुकादमांस एवढे जरी दिले तरी तो निघून गेल्यावर शिक्षण पेढीवर चालू राहील.

आता निवडीविषयी. पेठेतील आम्ही चार पेढ्यांनी मिळून ह्या कामाकरिता काही मंडळींस बोलाविले होते. मोठ्या शहरातील एक नामांकित कंपनी आली. तिचे माहितीपत्रक गुळगुळीत कागदाचे, बोलणे अस्खलित. पहिल्याच भेटीत तिने बारा दिवसांचा अभ्यासक्रम पुढे ठेविला. त्यात ग्राहकाचे हसतमुखाने स्वागत कसे करावे ह्यावर दीड दिवस होता; पोत्यांची थप्पी, ओलावा, चाळण, वजनकाटा ह्यांचा उल्लेखही नव्हता. हा अभ्यासक्रम कापडाच्या दुकानास किंवा औषधांच्या दुकानास जसाच्या तसा लागू पडला असता. दुसरे एक गृहस्थ आले ते कृषी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी कागद काढलाच नाही. आवकेच्या दिवशी पहाटे येऊन उभे राहू देता काय, एवढेच त्यांनी विचारले. ते दोन दिवस गोदामात राहिले, हमालांबरोबर चहा प्याले आणि जाताना सतरा प्रश्न लिहून ठेवून गेले. त्यांपैकी पाच-सहा प्रश्नांची उत्तरे आम्हां मालकांसही देता येईनात! काम कोणास मिळाले हे सांगावयास नकोच.

ह्याचा अर्थ निवृत्त अधिकारी चांगला व कंपनी वाईट असा कोणी घेऊ नये. उलट अनुभवही येतात. पाहावयाचे ते हे की, समोरचा माणूस उत्तर घेऊन आला आहे की प्रथम पाहू इच्छितो. त्याने ह्यापूर्वी ज्यांचे काम केले त्या पेढ्यांशी आपण स्वतः बोलावे, आणि तेही मालकाशी नव्हे, तेथल्या मुकादमाशी. शिवाय बोलणी करावयास येणारा एक व शिकवावयास येणारा दुसरा असे पुष्कळदा घडते. प्रत्यक्ष कोण येणार त्याचे नाव करारात लिहून घ्यावे.

सरकारी व संशोधन संस्थांचाही विचार अवश्य करावा. म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० पासून ह्या क्षेत्रात आहे. धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ १९८६ साली स्थापन झाले, व ते आम्हां बेळगावकरांस अगदी जवळचे. बाजारव्यवस्थेच्या शिक्षणाकरिता जयपूर येथे १९८८ पासून राष्ट्रीय कृषी विपणन संस्था आहे. अन्नसुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाची स्वतःची प्रशिक्षण योजनाही आहे. तीनुसार दर पंचवीस कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा आणि त्याने उरलेल्यांस शिकवावे, अशी कल्पना आहे. ह्या संस्थांचे ज्ञान निर्विवाद. मात्र त्यांचा अभ्यासक्रम बहुधा ठरलेला असतो व तो आपल्या गोदामाच्या मापाचा करून घेण्याकरिता मध्ये कोणीतरी जाणता लागतो. बाहेरच्या सहकाऱ्याचा खरा उपयोग पुष्कळदा येथेच आहे.

एका विषयावर थोडे विस्ताराने लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो, कारण येथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. धान्यास कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांची धुरी देतात. तीन ग्रॅमची एक गोळी हवेतील ओलाव्याने फुटून सुमारे एक ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. हा वायू हवेहून किंचित जड आहे आणि त्याच्या विषबाधेवर उतारा नाही. गोळ्यांना लसणासारखा वास येतो खरा, पण शुद्ध वायूस वास नसतो. म्हणून वास नाही तेव्हा धोका नाही असे समजणे प्राणघातक ठरू शकते. कायद्याने ह्या गोळ्यांचा उपयोग सरकारी संस्थांनी व मान्यताप्राप्त कीडनियंत्रकांनी, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावयाचा आहे. हैदराबादची राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था ह्याचे रीतसर शिक्षण देते. तेव्हा जो कोणी आमच्या हमालांस अर्ध्या दिवसात गोळ्या ठेवावयास शिकवितो म्हणेल, त्यास तेथूनच नमस्कार करावा. हमालांस शिकवावयाचे ते वेगळेच आहे : ताडपत्रीखालील थप्पीजवळ जाऊ नये, बंद गोदामात दुपारी निजू नये, मापकाने वायू तपासून झाल्याशिवाय दार उघडून आत शिरू नये, उरलेली राख हाताळू नये, आणि मालकाने घाई केली तरी नाही म्हणावे. हे शेवटचे वाक्य मालकांच्या देखत शिकविण्याची ज्याची तयारी असेल तो शिक्षक खरा. आम्ही वर उल्लेखिलेल्या गृहस्थांनी ते शिकविले, आणि त्या वेळी आम्ही चौघे मालक पहिल्या रांगेत बसलो होतो.

आमच्या समाजातील घरांस धुरी मुळातच नकोशी वाटते, हे सर्वश्रुत आहे. त्यामुळे धान्य सुके करून भरणे, गोदाम झाडून ठेवणे, थप्पी लाकडी फळ्यांवर व भिंतीपासून दूर रचणे, जुना माल आधी काढणे, ह्या प्रतिबंधक उपायांस अभ्यासक्रमात पहिले स्थान असावे, असे सहकाऱ्यास प्रारंभीच सांगावे. कीड पडू न देण्याचे शास्त्र हे मारण्याच्या शास्त्राहून स्वस्तही पडते.

भाषेचा प्रश्न आमच्या सीमाभागात विशेष आहे. पेढीवर मराठी, हमालांत कानडी आणि दख्खनी उर्दू, संगणकावर इंग्रजी. केवळ मराठीत छापलेली सुरेख पुस्तिका ज्याच्या पाठीवर पन्नास किलोचे पोते आहे त्याच्या उपयोगी पडत नाही. कित्येकांस वाचताही येत नाही. म्हणून धोक्याच्या सूचना चित्रांनी व तिन्ही भाषांत असाव्यात, आणि त्या भाषांतराकडून न घेता त्या त्या भाषेतील मुकादमाकडून बोलत्या शब्दांत लिहून घ्याव्यात.

कराराविषयी दोन गोष्टी व्यापारी माणसाने ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पैसे आपण दिले म्हणजे पुस्तिका आपली झाली, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे पगारी नोकराने नोकरीच्या कामात लिहिलेले मालकाचे होते, परंतु बाहेरच्या स्वतंत्र माणसाने लिहिलेले सामान्यतः त्याचेच राहते. हक्क आपल्याकडे यावयाचा तर लेखी, सहीनिशी हस्तांतर पाहिजे; आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरतात. दुसरी गोष्ट कराची. पन्नास हजारांचे काम असेल तर अठरा टक्क्यांप्रमाणे नऊ हजार जीएसटी वर पडतो. ज्यांचा सर्वच व्यवहार सुट्या, करमुक्त धान्याचा आहे त्यांस त्याची वजावट मिळत नाही, म्हणजे खर्च एकोणसाठ हजारांचाच झाला. हिशेब करताना हे नऊ हजार विसरले जातात व मागाहून कुरबूर होते. लहान पेढ्यांनी तिघा-चौघांत मिळून काम द्यावे, हे आमचे म्हणणे ह्याकरिताही आहे.

पूर्ण काम देण्यापूर्वी एकच पाठ करवून पाहावा. नमुना काढणे व ओलावा मोजणे हा विषय त्यास सोयीचा, कारण परिणाम आकड्यांत दिसतो. ह्या पाठाचे पैसे मात्र रोख द्यावेत. फुकट मागितलेले काम कोणी मन लावून करीत नाही. पाठानंतर मुलांस आवडले काय, असे विचारून थांबू नये. विस्कॉन्सिन विद्यापीठातील डोनाल्ड कर्कपॅट्रिक ह्यांनी १९५९ साली लिहिलेल्या लेखमालेत चार गोष्टी वेगळ्या काढल्या होत्या : शिकणाऱ्यास कसे वाटले, तो काय शिकला, कामावर त्याचे वागणे बदलले काय आणि धंद्यास काय फळ मिळाले. शेवटच्या दोन गोष्टी वर्गात दिसत नाहीत. महिन्याभराने न सांगता गोदामात जाऊन तोच मुलगा कोणत्या पोत्यांतून नमुना काढतो आहे ते पाहावे, व त्याच थप्पीचा ओलावा दुसऱ्या यंत्रावर पुन्हा मोजावा.

वेळ निवडताना ज्येष्ठ-आषाढ बरा. नवी आवक नसते, पावसाची ओल चढू लागलेली असते आणि शिकलेले लगेच वापरावे लागते. दिवाळीच्या सुमारास नवा माल येऊ लागला की सहकाऱ्याने दोन दिवस पुन्हा गोदामात येऊन पाहणी करावी, असे करारातच घालावे. आम्ही एकंदर रकमेचा चौथा हिस्सा ह्या फेरीपर्यंत राखून ठेविला होता. त्या गृहस्थांनी त्यास हरकत घेतली नाही, उलट फेरीत आढळलेल्या तीन उणिवांकरिता आणखी एक सकाळ मागून घेतली.